पांढऱ्या रश्श्याच्या गावातलं रामेन

ताराबाई पार्कात जपानी हॉटेल उघडल्यापासून आमच्या खानावळीत जेवायला येणारी पोरं मला एकच विचारत होती, ‘‘काकी, कच्चा मासा खाणार काय?’’ कोल्हापुरात जपानी जेवणाचा विषय कच्च्या माशापासून सुरू होतो आणि तिथंच संपतो. मला मात्र तिथला रस्सा प्यायचा होता. आमच्याकडं बुधवार, शुक्रवार, रविवार हे मटणाचे वार. त्या दिवशी पहाटेच अळणी, म्हणजे मटणाचं बिनमसाल्याचं पाणी, शेगडीवर चढतं. आयुष्यभर सासूबाईंनी ते केलं, आता मी करते. ज्या देशात माणसं वाडगाभर रस्सा पुढ्यात घेतात आणि तेच त्यांचं पोटभर जेवण असतं, तिथलं अळणी कसं असेल, ही उत्सुकता मला फार दिवसांची होती.

दिवाळीच्या सुट्टीत लेक पुण्याहून आली आणि जायचं ठरलं. फराळाच्या गोडानं सगळ्यांच्याच तोंडाला मिठी बसली होती. आमचे हे, सासूबाई, नणंद, लेक आणि मी असे निघालो. नणंदेनं रिक्षात बसतानाच सांगून टाकलं, ‘‘मी कच्चं-बिच्चं काय खाणार नाही हं. मी आपला भात बघतो.’’ लेक पुण्यात जपानी भाषा शिकते, तिथं तिनं हे जेवण बऱ्याचदा खाल्लंय. त्यामुळं मेनूकार्ड आपोआप तिच्या हातात गेलं.

हॉटेल लहान आहे, लाकडी बाकं, भिंतीवर फारसं काही नाही. पण स्वयंपाकघर उघडं आहे आणि बसल्या जागेवरनं सगळं दिसतं. ज्यांना आपलं स्वयंपाकघर दाखवायला भीती वाटत नाही, त्यांच्याकडं मी निर्धास्त जेवते. आत एक मोठं पातेलं झाकण न ठेवता मोठ्या आचेवर रटरटत होतं. मी बसल्यापासून त्याच्याकडंच बघत होते. अळणी रटरटू द्यायचं नाही, मंद आचेवर ठेवायचं, ही मला मिळालेली पहिली शिकवण. इथं उलटंच चाललेलं.

पहिल्यांदा मिसो सूप आलं. झाकणाची छोटी वाटी, चमचा नाही. लेकीनं सांगितलं, वाटी दोन्ही हातांनी उचलायची आणि तोंडाला लावायची, आतले टोफूचे आणि समुद्री पाल्याचे तुकडे काड्यांनी खायचे. सासूबाईंना हे सांगावं लागलं नाही. रश्श्याची वाटी तोंडाला लावून भुरका मारायचा, हे त्यांना जन्मापासून ठाऊक. त्यांनी एक घोट घेतला, थांबल्या, दुसरा घेतला आणि म्हणाल्या, ‘‘बाळंतिणीला द्यावं असं आहे.’’ आमच्या घरात यापेक्षा मोठी पावती नाही. कोल्हापुरात आजाऱ्याला, बाळंतिणीला मटणाचं अळणी किंवा पायाचं सूप देतात. त्यात मसाल्याचा आधार नसतो. पाणी, मीठ, हळद, हाडं आणि वेळ, एवढ्यावर चव उभी राहते. ज्याला अळणी जमलं त्याला सगळं जमलं, असं सासूबाई म्हणतात.

मिसो म्हणजे सोयाबीन, मीठ आणि कोजी नावाची बुरशी लावलेला तांदूळ किंवा जव, हे एकत्र करून महिनोन्‌महिने मुरवलेला लगदा. तो सूपात घातला की पुन्हा उकळायचं नाही, नाहीतर त्याचा वास उडून जातो. पण त्या वाटीतली खरी चव मिसोच्या खालच्या पाण्याची होती. त्या पाण्याला दाशी म्हणतात. मी आतल्या आचाऱ्याला विचारलं, मिसो न घालता नुसतं ते पाणी प्यायला मिळेल का? तो मुलगा गडहिंग्लजकडचा निघाला, पुण्यात जपानी हॉटेलात काम करून आलेला. त्यानं लगेच एका पेल्यात काढून दिलं.

रंग फिकट चहाचा. पहिल्या घोटाला वाटतं, यात काहीच नाही. मग जिभेच्या मागच्या बाजूला, घशापर्यंत चव पसरते आणि बराच वेळ राहते. कोंबू नावाचा समुद्री पाला, जास्त करून जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइडो बेटाजवळचा, वाळवून येतो. तो पाण्यात भिजत घालायचा, पाणी साधारण साठ अंशांपर्यंत तापू द्यायचं आणि उकळी फुटायच्या आत पाला काढून घ्यायचा. उकळला तर बुळबुळीत होतो आणि कडवटपणा उतरतो. मग त्यात कात्सुओबुशीचे किस टाकायचे. हा एक प्रकारचा ट्यूना मासा, उकडून, धुरी देऊन, वाळवून, वर बुरशी चढवून लाकडासारखा टणक केलेला. सुताराच्या रंध्यासारख्या अवजारावर त्याचे पातळ पापुद्रे काढतात. ते घालायचे, थोड्या वेळात गाळायचं, झालं. पाला आणि मासा तयार होण्यामागं महिने गेलेले असतात, आणि शेगडीवरचं काम अर्ध्या तासाचं. आमचं अळणी बरोबर उलटं: बकरं सकाळचं, काम तासन्‌तासांचं.

१९०८ साली तोक्योमधले रसायनशास्त्राचे प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी याच कोंबूच्या पाण्यातनं ग्लुटामेट हे चव देणारं द्रव्य वेगळं काढलं आणि गोड, आंबट, खारट, कडू यांच्या जोडीला उमामी ही चव मांडली. पुढं त्यांच्या शिष्यानं, शिंतारो कोदामा यांनी, १९१३ मध्ये वाळवलेल्या माशातलं इनोसिनेट शोधलं. ही दोन्ही द्रव्यं एकत्र आली की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी पटींनी वाढते. हे मला आधी वाचून माहीत होतं, पण त्या पेल्यातल्या घोटानं ते जिभेवर कळलं. मटणाच्या अळणीतही इनोसिनेट भरपूर असतं. म्हणजे आमच्या पातेल्यात आणि त्याच्या पातेल्यात चव देणारी वस्तू जातीची एकच.

इथं शाकाहारी लोकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. मिसो सूपात टोफू आणि पालाच दिसतो, म्हणून ते शाकाहारी समजून पिऊ नका. दाशीत मासा असतो. जपानात बौद्ध मठांतल्या जेवणात नुसत्या कोंबूची आणि वाळवलेल्या शिताके अळंब्यांची दाशी करतात, ती पूर्ण शाकाहारी आणि चवीला अजिबात कमी नाही. इथंही सांगितलं तर करून देतात, पण मेनूकार्डावर तसं लिहिलेलं नाही. ते लिहायलाच हवं. सोमवार, गुरुवार पाळणारं हे गाव आहे.

मग रामेन, म्हणजे वाडगाभर रश्श्यातल्या शेवया, आलं, आणि पुढचा अर्धा तास मी कुणाशी बोलले नाही.

वाडग्यात रस्सा पांढरा होता. आपला पांढरा रस्सा नारळाच्या दुधानं, खसखस, तीळ आणि काजूच्या वाटणानं पांढरा होतो. यात दूध नाही, वाटण नाही, काहीच नाही. कोंबडीची हाडं आणि पाय मोठ्या आचेवर सहा-सात तास खळाखळा उकळायचे. हाडांतलं, कातडीतलं जिलेटिन पाण्यात उतरतं आणि उकळीच्या जोरानं चरबीचे बारीक बारीक थेंब होऊन त्यात बांधले जातात. म्हणून रस्सा पांढराफटक आणि दाट होतो, ओठाला चिकटतो. मंद आचेवर ठेवलं असतं तर तीच हाडं घालून स्वच्छ, पिवळसर पाणी मिळालं असतं. जपानात दोन्ही प्रकार करतात. क्यूशू बेटावर हेच डुकराच्या हाडांचं करतात, इथं कोंबडीचं. झाकण न ठेवलेल्या त्या पातेल्याचा उलगडा मला तेव्हा झाला.

पण मी खरी गुंतले ते त्यांची रचना बघून. पातेल्यातल्या रश्श्यात मीठसुद्धा घालत नाहीत. वाडगा आधी गरम पाण्यानं तापवून घेतात. तळाशी मिठाचा, सोया सॉसचा नाहीतर मिसोचा अर्क पळीभर घालतात, त्यावर सुगंधी तेल, त्यावर रस्सा, मग शेवया, वर अंडं, कांद्याची पात, चिकनचे काप. म्हणजे अळणी एक आणि त्यातनं तीन तऱ्हेची वाडगी. आमचं काय वेगळं आहे? एकाच मटणाचं अळणी, ते दोन पातेल्यांत वाटायचं. एकात वाटण आणि कांदा-लसूण चटणी, तो तांबडा. दुसऱ्यात नारळाचं दूध, तो पांढरा. मला वाटायचं ही फक्त आमच्या गावाची हुशारी. हजारो मैलांवर कुणीतरी त्याच विचारानं शेगडीपाशी उभं आहे, हे बघून मला फार आनंद झाला.

शेवया गव्हाच्याच, पण मळताना त्यात खाराचं पाणी घालतात, जातीनं पापडखारासारखंच. त्यानं पिवळसर झाक येते आणि शेवई दाताखाली तटतटीत राहते, रश्श्यात लगेच मऊ पडत नाही. तरी रेंगाळायचं नाही. गरम असतानाच आवाज करत ओढून खायच्या, तिथं त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आमच्या ह्यांनी भुरक्यांचा जो आवाज काढला, त्यानं शेजारचं टेबल वळून बघायला लागलं, पण काउंटरमागचा आचारी मात्र खूश झाला.

सासूबाईंनी अर्ध्या शेवया बाजूला सारल्या, रस्सा संपवला आणि पोऱ्याला हाक मारली, ‘‘बाळ, रस्सा वाढ.’’ पोऱ्या गोंधळला. कोल्हापुरात रस्सा पुन्हा मागायला कुणी संकोचत नाही, त्याचे पैसेही वेगळे नसतात. क्यूशूतल्या हाकाता भागात याच्या उलट पद्धत आहे: रस्सा उरला की थोडे पैसे देऊन नुसत्या शेवया वाढून घ्यायच्या. लेकीनं हे सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘‘मग आपण आपलं कोल्हापूरचं करू.’’ आचाऱ्यानं स्वतः येऊन अर्धा वाडगा वाढला.

सुशीबद्दल, म्हणजे आंबूस भाताबरोबर देतात त्या कच्च्या माशाबद्दल, लिहायलाच हवं, कारण विचारणारे तेवढंच विचारतील. सामन मासा नॉर्वेहून थंड करून येतो. जपानी लोकही पूर्वी सामन कच्चा खात नसत, कारण त्यांच्याकडच्या सामनमध्ये जंत असण्याची भीती. १९८०च्या दशकात नॉर्वेनं आपला पाळलेला सामन तिथं खपवायला सुरुवात केली आणि तो सुशीवर चढला. कच्चा खायचा मासा आधी उणे वीस अंशांवर किमान सात दिवस गोठवलेला असावा, असं अमेरिकेतले अन्नसुरक्षेचे नियम सांगतात. मी आचाऱ्याला विचारून खात्री करून घेतली, तुम्हीही विचारा. रत्नागिरी-मालवणचा मासा घाट चढून आपल्याकडं रोज येतो, तो रश्श्याला आणि तव्याला उत्तम, पण कच्चा खायला नव्हे.

माझ्या मते सुशीची परीक्षा माशापेक्षा भातात होते. आखूड, चिकट दाण्याचा तांदूळ, शिजल्यावर त्यात तांदळाचा सिरका, साखर, मीठ घालून पंख्यानं वारा घालत हलक्या हातानं कालवायचा. भात कोमट असावा. इथला गार होता, फ्रिजमधला वाटला. तिथं ते कमी पडले. नणंदेनं काकडीची सुशी खाल्ली आणि म्हणाली, आपल्या आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा वास यापुढं कितीतरी पुढं. वासाचं तिचं खरं आहे, पण घनसाळ असा चिकटून राहत नाही.

वासाबीचा हिरवा गोळा आमच्या ह्यांनी एकदम तोंडात टाकला. मिरचीचा तिखटपणा जिभेवर बसून राहतो, हा नाकातनं डोक्यात जातो आणि क्षणात उतरतो. केळ्याच्या कोशिंबिरीत घालायला मोहरी फेसताना जी झणक नाकात जाते, ती हीच. खरी वासाबी वाहत्या थंड पाण्यात वाढते आणि भलती महाग असते, म्हणून बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश नावाचं मूळ, मोहरी आणि हिरवा रंग यांचं मिश्रण देतात. इथंही तेच होतं आणि विचारल्यावर त्यांनी ते सरळ सांगितलं.

टेम्पुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेले तुकडे, चांगला होता. बर्फाच्या पाण्यात पीठ जेमतेम कालवतात, गुठळ्या राहिल्या तरी चालतात, म्हणून पापुद्रा हलका होतो. भोपळ्याच्या फोडीचा खास. शेवटचं माचा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचं, आईस्क्रीम मला आवडलं नाही.

आता मनाला लागलेली गोष्ट. प्रत्येक टेबलावर कांदा-लसूण चटणीचा डबा ठेवलेला होता. मेनूकार्डाच्या मागच्या पानावर ‘खास कोल्हापूरकरांसाठी’ म्हणून तांबड्या रश्श्यातलं रामेन, ठेच्याची सुशी, झणझणीत मिसो. शेजारच्या टेबलावरच्या पोरांनी रामेन आल्या आल्या, एक घोटही न घेता, त्यात दोन-दोन चमचे चटणी ढवळली. सात तास उकळलेला पांढरा रस्सा डोळ्यांदेखत लाल झाला. आत उभा असलेला गडहिंग्लजचा मुलगा ते बघत होता. मी त्याच्या जागी रोज उभी असते, मला त्याचा चेहरा वाचता आला.

हे दुःख कोल्हापूरला नवीन नाही. हायवेवरच्या कुठल्याही धाब्यावर, दिल्लीपासून बेंगळुरूपर्यंत, ‘व्हेज कोल्हापुरी’ मिळते. भडक रंगाची, तेलानं डबडबलेली, नुसतं तिखट. कोल्हापूरच्या कुठल्या घरात ती भाजी होते? आपली चटणी करताना संकेश्वरी, ब्याडगी मिरच्या वेगवेगळ्या भाजतात, कांदा वाळवतात, तीळ, खोबरं, धणे, लसूण यांचं प्रमाण जीव लावून सांभाळतात. तांबड्या रश्श्याचा रंग जेवढा दिसतो तेवढा तो जाळत नाही. पण बाहेरच्यांनी ठरवलं की कोल्हापुरी म्हणजे तोंड पोळणं, आणि आपल्या नावावर तेच विकलं. आपल्या जेवणाचं असं झालेलं आपल्याला सहन होत नाही. मग दुसऱ्याच्या जेवणाचं आपण तसं का करावं?

आमचे हे इतिहासाचे शिक्षक. घरी येताना त्यांनी क्रांतिकारक रासबिहारी बोस यांची गोष्ट सांगितली. इंग्रजांच्या हातातनं निसटून बोस १९१५ मध्ये जपानला पोचले. तोक्योच्या शिंजुकू भागातल्या नाकामुराया या बेकरीच्या सोमा दांपत्यानं त्यांना लपवून ठेवलं. पुढं १९१८ मध्ये त्यांच्याच मुलीशी, तोशिकोशी, त्यांचं लग्न झालं. त्या काळी जपानात इंग्रजांकडनं आलेली, पिठानं घट्ट केलेली करी खाल्ली जायची. बोस यांना ती करी आपली वाटेना. १९२७ मध्ये नाकामुरायानं खाण्याचं दालन उघडलं, तेव्हा त्यांनी तिथं भारतीय पद्धतीची, मसाल्यांची, हाडासकट कोंबडीची करी सुरू करायला लावली. इतरांच्या करीपेक्षा ती महाग होती, तरी लोक आले, आणि आजही ती तिथं मिळते. परक्या गावात, डोक्यावर बक्षीस असलेल्या माणसानं आपल्या रश्श्याशी तडजोड केली नाही, आणि तिथल्या लोकांनी तो जसा होता तसा खाल्ला.

बिल देताना मी मालकांशी बोलले. ते म्हणाले, ‘‘ताई, कोल्हापुरात तिखट नसलं तर धंदा चालत नाही.’’ मी त्यांना विचारलं, पांढरा रस्सा चालतो की नाही? त्यात लाल मिरचीचा कणही नसतो, आणि तो या गावात वाट्यांवर वाट्या खपतो. ज्या जिभेनं पांढरा रस्सा ओळखला, तिला हे रामेन समजावून द्यावं लागत नाही, फक्त चटणीचा डबा टेबलावरनं उचलून मागं ठेवावा लागतो. मागेल त्याला द्या. पहिला घोट तसाच प्या, एवढं पोऱ्यानं वाडगा ठेवताना सांगावं. त्यांनी ऐकून घेतलं. काय करतील ते त्यांचं. धंद्याची चिंता मला कळते, भाडं त्या भागात कमी नाही.

पाच जणांचं बिल तीन हजारांच्या वर गेलं. त्या पैशात आमच्याकडं सगळं घर मटणाचं ताट जेवून वर पार्सल नेईल. तरी महिन्यातनं एकदा रामेनसाठी मी जाईन. सुशीसाठी इतक्यात नाही. तुम्ही गेलात तर संध्याकाळी लवकर जा, रस्सा रोजचा ठरलेलाच करतात आणि संपला की रामेन बंद. दाशी पेल्यातनं वेगळी मागून बघा.

निघताना गडहिंग्लजचा मुलगा दारापर्यंत आला. त्याला एकच विचारायचं होतं, ‘‘मावशी, घरी पांढरा रस्सा केला की माझा फुटतो. तुमचा कसा फुटत नाही?’’ मी म्हटलं, नारळाचं दूध शेवटी घालायचं, आच बारीक करायची, एका दिशेनं हलवत राहायचं आणि उकळी फुटू द्यायची नाही. पण हे ऐकून येत नाही, बघावं लागतं. बुधवारी त्याला सुट्टी असते. पहाटे ये म्हटलंय, अळणी चढवण्यापासून बघायला मिळेल, आणि कोंबूचे दोन तुकडे घेऊन ये असंही सांगितलंय.